आठ वर्षांचं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा प्लंबर आहे. सगळी गल्ली त्याला वायसर म्हणते, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी नळाचे रबरी वायसर असतात. मीही तोंडावर "अहो वायसर" म्हणते. त्यातलं 'अहो' बहिणीखातर. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, आणि ही निघाली पाने-पक्कड घेऊन फिरणाऱ्याशी लग्न करायला! मी कडाडून विरोध केला होता. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. माझं चुकलं होतं हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. त्याला तर नाहीच.

नळ जोडून झाला तरी हा माणूस उठत नाही. जॉइंटखाली वर्तमानपत्राचा तुकडा पसरतो आणि दहा मिनिटं समोर बसून राहतो. ओल्या बोटांना थेंब कळत नाही, कागदावर डाग उठतो, असं त्याचं म्हणणं. लोकांना स्वयंपाक करायचा असतो, आंघोळीला जायचं असतं, आणि हा ढिम्म. कागद कोरडा निघाला तरच पाने पिशवीत.

दोन महिन्यांपूर्वी बहीण मोरीत घसरली आणि खुब्यात हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन रोज चाला. ही काही चालेना. संडास जवळ म्हणून तिची कॉट मागच्या खोलीत टाकलेली, आणि तिथं ती भिंतीकडे तोंड करून पडून. खा म्हटलं की खायची, गप्प बस म्हणायची गरजच नव्हती. पुढच्या खोलीत तिची चार फुटी माशांची पेटी होती. आठ वर्षं तिनंच सांभाळलेली. वायसर तिथल्या बातम्या आत आणून सांगायचा. "तुझा तो टकल्या मासा आज फार भाव खातोय." ही हूं म्हणायची, की तेही नाही.

मी सरळ सांगितलं, "मी हिला माझ्याकडे नेते. तळमजला आहे, दिवसभर बाई ठेवीन. तुम्ही कामावर गेलात की हिच्याजवळ कोण?"

तो वाद घालत नाही, तेच तर चिडवणारं. म्हणाला, "न्या ताई. फक्त आठ दिवस द्या. एक काम हातात घेतलंय."

काम म्हणजे तिच्या कॉटच्या पायथ्याशी दुसरी, लहान काचेची पेटी. कमरेइतक्या उंच लोखंडी घोडीवर. आणि ती जोडायची पुढच्या खोलीतल्या जुन्या पेटीला. जुन्या पेटीखालच्या कपाटात एक टाकी आहे. पेटीतलं जास्तीचं पाणी पाइपातून तिच्यात पडतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. आता नव्या पेटीचंही पाणी भिंतीतून पुढं येऊन त्याच टाकीत पडणार होतं, आणि तोच पंप दुसऱ्या पाइपानं ते परत नव्या पेटीत चढवणार होता.

"अहो, वेगळी पेटी, वेगळा फिल्टर ठेवा की! भिंत कशाला फोडता?"

"नवं पाणी मुरायला महिना-दीड महिना लागतो, ताई. कच्च्या पाण्यात तिचे मासे मरतील. हे आठ वर्षांचं पाणी आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि महिनाभर तुम्ही थांबाल का?"

रसायनशास्त्र माझं. आणि शिकवत होता हा.

भिंतीला भोकं पाडताना त्यानं तिच्या कॉटवर चादरीचा तंबू बांधला. पाइपाला उतार देताना पाणपातळीची नळी घेऊन तीनदा आत-बाहेर केलं. नव्या पेटीत पाणी सोडणारा पाइप पार तळापर्यंत नेला, म्हणजे खळखळ होऊन तिची झोप मोडायला नको. सातव्या दिवशी पंप सुरू झाला. जुन्या पेटीतले पाच मासे त्यानं एकेक करून वाडग्यातून आत आणले. बहिणीनं मान वळवली. बराच वेळ बघत राहिली. मग इतकंच विचारलं, "पंप बंद करून बघितला का?"

"तू पड गं स्वस्थ," मी म्हटलं. तो तर जॉइंटखाली कागद पसरण्यात दंग होता.

दुपारी तो पुढं बसून कागद बघत होता. दुसऱ्या दिवशी तिला न्यायचं म्हणून मला तिचे चार कपडे इस्त्री करायचे होते. मागच्या खोलीत रिकामं सॉकेट सापडेना, म्हणून पुढच्या खोलीत आले आणि कपाटामागचा एक प्लग उपसून इस्त्रीचा लावला. तो पंपाचा होता.

दोन मिनिटांत पायाला गार लागलं. कपाटाच्या दारातून पाणी फरशीवर पसरत होतं. वायसर गुडघ्यांवर आला, एकेक जॉइंट चाचपला, कागद उचलून उजेडात धरला.

"कोरडाय," तो म्हणाला. "ताई, कोरडाय हो कागद!"

साचलेल्या पाण्यात बसून हा माणूस मला कोरडा कागद दाखवत होता.

"अहो!" आतून आवाज आला. दोन महिन्यांत तिचा असा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "जॉइंट कसले चाचपताय! नव्या पेटीचं पाणी पंपाच्या पाइपातून उलटं खाली जातंय. तो पाइप वर काढा! ताई, तू काढ, तू जवळ आहेस!"

मी जवळ नव्हते, पण धावले. पाइपाचं तोंड पाण्याबाहेर ओढलं. घुर्र करून हवा शिरली आणि पाणी थांबलं. पेटी निम्मी झाली होती. पाचही मासे तळाशी, पण धडधाकट.

वायसर ओल्या फरशीवरच बसून राहिला होता. "आयुष्यभर पाणी गटारात सोडलं," तो म्हणाला. "त्यात किती मावतं हे कधी विचारावंच लागलं नाही. पंप थांबल्यावर खाली येणारं पाणी टाकीत मावायला नको? मी तर काठोकाठ भरून ठेवली." मग माझ्याकडे न बघता, "न्या ताई तिला. उद्या कशाला, आजच न्या. एवढं एक साधं काम मला..."

"कोण नेतंय मला?" आतून. "मी काय ट्रंक आहे? मला तो वॉकर द्या आधी."

तो उठेपर्यंत मी दिला. हात धरायला गेले तर म्हणाली, "सोड, तू लटकतेस." पंधरा पावलं होती. मी मोजली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. दारात थांबली, धापा टाकल्या, ओली फरशी बघून वायसरला म्हणाली, "ती पुसा. मला दुसरा खुबा मोडायचा नाहीये." त्यानं फडकं टाकलं, खुर्ची आणली. ती बसली नाही.

"टाकीतलं पाणी उपसा. अजून. अजून चार बोटं. हां, तिथं पट्टी चिकटवा. चालू पाण्यात याच्या वर एक थेंब भरायचा नाही. आता लावा पंप."

मी वर काढलेला पाइप तसाच ठेवून पेट्या भरल्या आणि पाणी फिरू लागलं. मग तिनं वॉकरवरचा एक हात काढला, वाकली आणि स्वतः पंप बंद केला. टाकीतलं पाणी चढू लागलं. काठाखाली दोन बोटं राहिली आणि पाणी थांबलं.

"मी विचारलं होतं," ती त्याला म्हणाली.

"विचारलं होतंस."

"मग?"

"आता रोज विचार," तो म्हणाला. तेव्हा कुठं ती खुर्चीत बसली.

मी तिचे कपडे कपाटात ठेवले. 'चल' म्हणाले नाही, तिनंही 'नाही' म्हटलं नाही. चपला घालत होते तेव्हा दोघं पाइपावरून भांडत होते. पंप थांबला की हवा शिरून उलटं जाणारं पाणी तिथंच थांबावं म्हणून पाइपाला वरच्या बाजूला बारीक भोक पाडायचं होतं. ते पाण्याखाली एक बोट हवं, असं तो म्हणत होता.

"अर्धं," ती म्हणाली. "आणि ड्रिल आणाल तर माझ्यासमोर."