टेस्टिंग अंकल आणि टँगो

देवाने पृथ्वी घडवली तेव्हा आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी हजर असते, तर त्यांनी ती आधी ठोकून पाहिली असती आणि मगच माणसांना तिच्यावर राहायची परवानगी दिली असती. रिफायनरीतल्या टाक्या आणि पाइप तपासणं हे त्यांचं काम, पण ते काम रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर कुवेतमधल्या रिग्गईच्या घरीही यायचं. बकाल्यात, म्हणजे तिथल्या वाण्याकडे, कलिंगड ठोकून घेणं समजू शकतो. हे गृहस्थ खुबूसची रोटीही ठोकून घ्यायचे. लिफ्टमध्ये आधी एक पाय, मग विचार, मग दुसरा पाय. आमच्याकडे चहाला आले की बसण्याआधी सोफ्याच्या हातावर तळवा दाबून बघायचेच.

"अहो, गेल्या आठवड्यात पास केला होतात की!"

"तो गेल्या आठवड्यात," ते शांतपणे म्हणायचे.

बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'टेस्टिंग अंकल' म्हणत. त्यांच्याकडून मिळणारी सर्वोच्च पदवी म्हणजे 'चालेल'. वहिनी सावंतवाडीच्या, तोंडाने फटकळ. "लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, मी अजून प्रोबेशनवरच," म्हणायच्या.

ती पंचवीस वर्षं भरली तेव्हा आम्ही ब्युनोस आयर्समध्ये होतो. आमची दोघांची कंपनी एकच, तिने मला आणि त्यांना यंत्रं बघायला पाठवलं होतं आणि बायकांना आम्ही पदरखर्चाने नेलं होतं. जेवण आणि टँगोच्या कार्यक्रमाचं वहिनींनीच ठरवलं. पैठणी नेसून निघताना माझ्या कानाशी आल्या. "भावोजी, आज हे माझ्याबरोबर नाचले पाहिजेत. नाही नाचले तर मी पुन्हा कधी विचारायची नाही." हसून म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

शेजारच्या टेबलावर परातीएवढं मांस आलं, आम्हा शाकाहाऱ्यांपुढे उकडलेला बटाटा. आणि मग दिवे मंदावले. काय सांगू! पेटीसारखं एक वाद्य कण्हलं आणि काळ्या कपड्यांतला एक पुरुष आणि लाल झग्यातली एक बाई, ठिणगी उडावी तशी समोर आली. पाय दिसेनात, नुसत्या रेघा दिसत होत्या. एका क्षणी ती मागे झुकली, केस जमिनीला टेकेपर्यंत, सगळा भार त्याच्या एका हातावर टाकून.

"त्यानं सोडलं तर?" टेबल घट्ट धरून आमचे शेजारी पुटपुटले.

"सोडत नाही तो," वहिनी नजर न हलवता म्हणाल्या.

शेवटी पाहुण्यांना मंचावर बोलावलं. वहिनी उठल्या.

"अगं, मला येत नाही हे."

"मला तरी कुठं येतंय? फुगडी येते ना?"

मंचावर पोहोचल्यावर त्यांचा पाय फळी ठोकायला उचललेला मी पाहिला. तेवढ्यात वहिनींनी हातांची फुली करून पुढे धरली. ते हातांकडे बघत राहिले. पाय हळूच खाली आला, आणि त्यांनी हात धरले. पायाला पाय भिडले, गिरकी सुरू झाली. वादकांनी ओळखून लय वाढवली. पदर उडाला, चष्मा उडाला, आणि ज्या माणसाने माझ्या सोफ्यावर कधी विश्वास ठेवला नाही, तो मान मागे टाकून, डोळे मिटून, सगळा भार त्या दोन हातांवर सोडून फिरत होता! अख्खं सभागृह उभं राहिलं. लाल झग्यातली बाईसुद्धा टाळ्या वाजवत होती.

धापा टाकत दोघं खाली आले. "कसं झालं?" वहिनींनी विचारलं. आम्ही 'चालेल'ची वाट बघत होतो.

"परत एकदा करू या," ते म्हणाले.

ते दोघं नाशिकला परत गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या सोफ्यावर हल्ली कुणीही येऊन धपकन बसतं. सोफा मजबूत आहे, पण तसं सांगणारं कुणी नाही. मग संध्याकाळी मीच कधीतरी त्याच्या हातावर तळवा दाबून बघतो.