मी हसले त्या संक्रांतीला

आजही कुणी बोरन्हाणाचं बोलावणं घेऊन आलं की माझं डोकं फिरतं. मी जात नाही. पाठ दुखते म्हणून सांगते, आणि सांगताना मुद्दाम ताठ उभी राहते. समोरच्या बाईला कळू दे की मी खोटं बोलतेय. आमची लेक म्हणते, आई, आता सोड ना. तिने सोडलं असेल. मी सोडणार नाही.

लेक आमच्या घरी आली ती टांझानियातून. ह्यांना कारखान्याने तिथल्या एका वीजकेंद्राच्या उभारणीवर तीन वर्षांसाठी पाठवलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. वेळ जाईना म्हणून मी जवळच्या एका अनाथाश्रमात मोठ्या मुलींना शिवण शिकवायला जाऊ लागले. तिथे एक साडेतीन वर्षांची पोर रोज माझ्या मशीनखाली येऊन बसायची. मी पाय मारायला लागले की तीही आपलं पाऊल पॅडलवर ठेवायची, माझ्या पावलाशेजारी. आठवड्याभरात मी ह्यांना सांगून टाकलं, ही आपली. पुढचं एक वर्ष कोर्टात आणि वकिलाताईंच्या दारात गेलं. आश्रमातून निघताना मी तिला एक निळी कापडी पिशवी शिवून दिली. तिच्यात तिने आपली सगळी मालमत्ता भरली: एक फ्रॉक, टवका उडालेला पत्र्याचा मग आणि लाकडी कंगवा.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये परत आलो ते पावसाळ्याच्या शेवटी. चौथ्या दिवसापर्यंत सगळ्या गल्लीला खबर. बायका डबे घेऊन यायच्या, पण डोळे डब्यावर नसायचे. येता-जाता प्रत्येकीला तिच्या केसांना हात लावून बघायचा होता. 'आपल्याकडे काय अनाथाश्रम नव्हते का हो?' हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला की शेवटी मी म्हणू लागले, होते की, पण तिथे तुम्ही आधी पोचला असाल म्हणून आम्ही लांब गेलो. त्यावर कुणी हसत नसे. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी तर हिला मराठी स्वयंपाक पचेल का असं विचारलं. पोर तेव्हा त्यांच्याच समोर बसून तिसरी पोळी खात होती.

मुलं मात्र बरी होती. क्वार्टरच्या मागच्या मैदानात तिला कुणी काही विचारलं नाही, सरळ चेंडू आणायला पळवलं. त्यामुळे मराठीच्या आधी तिला हिंदी आली, तीही भोपाळची. 'अपन नी खेल रये,' असं म्हणत ती घरात शिरायची आणि चपला दारात नीट जोडून ठेवायची. झोपताना पिशवी उशाशी असे. मी ती कपाटात ठेवू म्हटलं की ती मान हलवायची. मी हट्ट केला नाही, एवढं एक शहाणपण माझ्याकडून झालं.

बाकी सगळा मूर्खपणा. संक्रांत जवळ आली तशी मला बोरन्हाणाची हौस आली. हौस कसली, खुमखुमी होती. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं करतात, हिला पाच पुरी व्हायला दोन महिने होते. बायकांना एकदा दिसू दे की हिचंही सगळं रीतसर होतंय, इतर मुलींसारखं, असा माझा हिशेब. पुण्याहून बहिणीने बुटांच्या खोक्यात कापूस घालून हलव्याचे दागिने पाठवले. मी काळा फ्रॉक शिवला. मंडळातल्या बायकांना बोलावलं, आणि ह्यांच्या साहेबांच्या बायकोलाही. साहेब मराठीच. ह्यांच्या बढतीचा कागद त्या वर्षी त्यांच्या टेबलावर होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

बोरन्हाणात मूल पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओततात, आणि जमलेली पोरं ते लुटतात. लुटणं हीच गंमत. आता जी पोर आश्रमात चाळीस मुलांच्या पंगतीत आपलं ताट दोन्ही हातांनी धरून जेवायला शिकलेली, तिला मी मधे बसवलं, तिच्या अंगावर खाऊ ओतला आणि पंधरा पोरांना सांगितलं, लुटा. मी ते ताट धरणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. ह्याचा राग मला आजही सगळ्यांत जास्त येतो, तो माझाच.

ती पाटावर बसली तेव्हाच एकजण म्हणाली, 'काळ्या फ्रॉकची काही गरजच नव्हती.' सगळ्या फिसकन हसल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग मी डोक्यावरून खाऊचं माप ओतलं आणि पोरं तुटून पडली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग ती सगळ्या खाऊवर पालथी पडली, हात पसरून. हलव्याचा मुकुट मोडला, हार तुटला. साहेबांची नात तिच्या पोटाखालून बोरं ओढायला गेली आणि हिने तिच्या दंडाला चावा घेतला.

रक्त आलं नव्हतं. दातांच्या खुणा उठल्या होत्या, बस. पण साहेबांच्या बाईंनी नातीला उचलून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, 'चार महिनेच झालेत ना अजून? वापस नाही का करता येत? विचारून ठेवा बाई.'

आणि मी हसले.

मी हसले. थट्टेवर हसतात तसं, मान तिरकी करून. मला वाटलं होतं माझी जीभ तलवारीसारखी आहे. बरोबरीच्या बायकांपुढे ती होतीच. साहेबांच्या बायकोपुढे मी दात दाखवले आणि म्हटलं, 'वहिनी, तुम्ही पण ना.' नंतर तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढे केली. त्यांनी दोन उचलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याचा भोंगा झाला, हे जेवून परत गेले, आणि मी भांडी आवरून बाहेर आले तर पोर पायरीवर बसलेली. पायात बूट, मांडीवर निळी पिशवी. मी विचारलं, कुठे चाललीस? ती म्हणाली, 'गाडी कब आएगी?'

मी पिशवी उघडून पाहिली. फ्रॉक, मग, कंगवा. आत धावत गेले तर पलंगावर आम्ही घेतलेले सगळे कपडे घड्या घालून ठेवलेले, वर बाहुली, आणि बाहुलीशेजारी एका वाटीत कालची बोरं. आमचं एक बोरसुद्धा तिने नेलं नव्हतं. आणि काल चार बायका जाता जाता म्हणाल्या होत्या, हावरट आहे हो पोरगी.

मी तिच्यापुढे बसून सांगायला लागले की कुठलीही गाडी येणार नाही, त्या बाई गंमत करत होत्या. 'वापस' हा शब्द तिला मैदानातूनच पाठ होता, दिवसातून दहा वेळा चेंडूसाठी ऐकलेला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'तुम भी तो हँसी थीं.'

मी चपला घातल्या, तिचा हात धरला आणि निघाले. पिशवी घ्यायला हात पुढे केला तर तिने दिली नाही. आम्ही दोघी भर दुपारी साहेब लोकांच्या बंगल्यांच्या रस्त्याने चालत गेलो. बाई व्हरांड्यात मटार सोलत होत्या. मला मराठीत भांडायला जास्त जमलं असतं, पण मी हिंदीत बोलले, कारण बोलायचं होतं ते खरं तर त्यांच्याशी नव्हतंच. मी म्हटलं, 'कल आपने इसे वापस भेजने को कहा और मैं हँसी. मैं डर के मारे हँसी थी. ये मेरी बेटी है. कहीं नहीं जाएगी. आप बोलेंगी तो भी नहीं, साहब बोलेंगे तो भी नहीं.'

बाई म्हणाल्या, 'अहो, थट्टा केली मी. एवढं काय मनाला लावून घेता?' मी म्हटलं, मला नाही हो, तिने घेतलंय, तिला सांगा. त्यांनी मटारचं ताट उचललं आणि आत गेल्या. सांगितलं नाही.

ह्यांची बढती त्या वर्षी हुकली. का, ते कुणी सांगत नसतं. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

लोक म्हणतात, मुलं विसरतात. खोटं आहे. मी हसले ते डोळे मिटून उघडण्याएवढा वेळ. पुढे पूर्ण दोन वर्षं ती पिशवी भरलेली होती. फ्रॉक तिला होईनासा झाला तरी तो घडी घालून आतच. सहलीला जायचं असो की पाहुणे यायचे असोत, ती आधी पिशवी जागेवर आहे का बघायची. दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि रागवायला समोर कुणी नसायचं.

दोन वर्षांनी पुन्हा संक्रांत आली. मी सुगडात घालायला बोरं आणायला टाउनशिपच्या बाजारात निघाले होते, हातात तारेची टोपली होती. ती आतून पिशवी घेऊन आली. रिकामी, उलटी करून झटकलेली. म्हणाली, 'आई, टोपलीतून बोरं गळतात. ही घे.'

मी ती घेतली. बाजारात गेले आणि त्या बिचाऱ्या बोरवाल्याशी, काही कारण नसताना, इतकी भांडले की आजूबाजूची माणसं जमली. तो म्हणत होता, 'बहनजी, बेर तो अच्छे हैं.' बोरं चांगलीच होती.