पाचवीची झोप

मला राग लवकर येतो. लहानपणापासून येतो, आणि आला की तोंड थांबत नाही. दुसऱ्या घरात अशा पोरीला तोंडाळ म्हणतात, दोन धपाटे घालतात आणि विषय संपतो. आमच्या आसगावात मी जरा आवाज चढवला की बाया एकमेकींकडे बघायच्या. बोलायचं कोणीच नाही, पण ते बघणं मला कळायचं. आईवर चालली पोरगी, असं ते बघणं होतं.

कारण माझ्या आईचं डोकं दोनदा फिरलं होतं. मुद्दाम गावाच्याच शब्दांत लिहिते, दुसरा शब्द आमच्याकडे तेव्हा नव्हता. एकदा मी झाले तेव्हा, आणि तीन वर्षांनी माझा भाऊ झाला तेव्हा. माझ्या जन्मानंतर दहा-बारा दिवसांत ती रात्रंदिवस बोलत सुटली, घरातली सगळी भांडी अंगणात काढून घासत बसली, आणि घरामागच्या तळ्यातलं पाणी आपल्याला हाका मारतं म्हणून सांगू लागली. भावाच्या वेळी तर नागपूरला दवाखान्यात भरती करावं लागलं. तेव्हापासून रोज गोळ्या आहेत. घरी पाहुणे आले आणि कोणाची नजर त्या डबीवर गेली की आम्ही सांगायचो, बीपीच्या आहेत.

आईचे एक मामाही असेच होते म्हणे. ऐन धानकापणीत घर सोडून जायचे आणि महिन्या दोन महिन्यांनी कुठून तरी परत यायचे. तेवढ्यावर गावाने निकाल देऊन टाकला, की हे यांच्या रक्तात आहे. एकदा रक्तात आहे म्हटलं की मग कोणी पुढे काही विचारत नाही, हा त्या बोलण्याचा मोठाच फायदा. मी शाळेत होते तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं. एखाद्या दिवशी फार आनंद झाला तरी मी स्वतःला तपासायची, की हा साधाच आनंद आहे ना.

लग्नाआधी मी मुलाला सगळं सांगून टाकलं. बाबांनी डोळे वटारले होते, तरी सांगितलं. तो शहापूरचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याने थोडा विचार केला आणि आई आता कशी आहे तेवढं विचारलं. चांगली आहे म्हटलं. मग त्याने विचारलं की तुम्हाला राग लवकर येतो म्हणतात, तसं आहे का, आणि मी खरं ते सांगितलं. आमचं बरं चाललं. पण दिवस गेले तेव्हा मला बाळाची नाही, बाळ झाल्यानंतरच्या बाराव्या दिवसाची भीती वाटू लागली. मला तसं होईल का, एवढा एकच प्रश्न सात महिने डोक्यात फिरत होता. उत्तर कोणाकडे नव्हतं, कारण विचारलं तर सगळे म्हणायचे, असं मनात आणू नको. म्हणजे मनात आणलं की होतंच, असं त्यांनाही वाटत होतं.

शेवटी मीच भंडाऱ्याला मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी आईला घेऊन या, त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे. मी चाट पडले. आईचा आजार म्हणजे बाबांनी सांगायची गोष्ट, नाहीतर मोठ्या आईने. मोठी आई म्हणजे बाबांची मोठी वहिनी, शेजारच्याच घरात राहते, आणि आमच्या घरातलं प्रत्येक बाळंतपण तिच्या हातचं आहे. आईला स्वतःला तिचं काय झालं होतं हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आई आली. नवं लुगडं नेसून आली होती, जसं काही सोयरिकीलाच चालली आहे. मॅडमनी तिला एकेक दिवस विचारला. बाळंत झाल्या त्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय खाल्लं, किती झोपलात. आई सुरुवातीला हो-नाही एवढंच करत होती. मग पाचव्या दिवसाशी आली आणि बांध फुटावा तशी बोलू लागली.

आमच्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते असं मानतात. पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, दिवा लावतात, आणि बाळंतिणीने त्या रात्री झोपायचं नाही, बाळ मांडीवरून खाली ठेवायचं नाही. माझ्या वेळी दोन दिवस कळा सोसून आई अर्धमेली झालेली. पाचवीला ती बसल्या बसल्या पेंगली आणि मी मांडीवरून सुपात घरंगळले. मला काही लागलं नाही. पण आठवड्याने आईचं बिघडलं तेव्हा सगळ्यांना कारण सापडलं, की सटवाईच्या रात्री झोपली म्हणून देवीचा कोप झाला. मग भावाच्या वेळी चूक होऊ द्यायची नाही असं ठरलं. पाचवीपासून बारशापर्यंत सात रात्री घरातल्या बायांनी पाळ्या लावून आईला जागं ठेवलं. मायेनेच ठेवलं, हे लक्षात घ्या. चहा करून पाजला, डोळ्याला पाणी लावलं, पेंगली की मोठ्या आईने चिमटे काढले. दिवसा घरात पाहुण्यांचा राबता, तेव्हाही झोप नाही.

"मले कोणी झोपूच देल्लं नाही, मॅडम," आई म्हणाली. "मी म्हणत होती, मले घडीभर पडू द्या. पण मायं कोण ऐकते?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. एवढी वर्षं सगळं गाव रक्त रक्त करत होतं आणि माझ्या आईला फक्त झोप हवी होती, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मोठ्या आईचा असा संताप आला की विचारू नका. मी तिथेच सुरू झाले. मॅडमनी मला हाताने थांबवलं.

त्या मग एकाच पोत्यातलं बियाणं दोन बांध्यांत, म्हणजे शेताच्या दोन तुकड्यांत, पेरलं तर काय होतं ते सांगू लागल्या. आमच्या जिल्ह्यात डॉक्टर असो की बँकवाला, काही समजावून सांगायचं म्हटलं की धानावरच येतो. मी म्हटलं, मॅडम, सरळ सांगा, मी बारावी पास आहे. त्या हसल्या आणि सरळ बोलल्या. आजाराचं नाव बायपोलर. रक्ताचा भाग खोटा नाही, मामांना होतं, आईला झालं, तेव्हा तुम्हाला इतरांपेक्षा धोका जास्त आहे. पण जन्मासोबत धोका येतो, आजार येतोच असं नाही. त्याला बाहेरून धक्के लागतात, आणि बाळंतपण आणि जागरण हे दोन मोठे धक्के आहेत. बाळंतपण टळणार नाही, जागरण टाळता येतं. होणारच नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. झालं तरी लवकर धरलं तर सावरतं, एवढं म्हणाल्या. आणि घरच्यांवर राग धरू नका, त्यांनी त्यांच्या समजुतीने जपलंच होतं. हे शेवटचं मला अजूनही पूर्ण जमलेलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी आसगावला आले. मुलगी भंडाऱ्याच्या दवाखान्यात झाली, चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. धानाच्या चुरणीचे, म्हणजे मळणीचे, दिवस होते, सगळीकडे मशिनींचा आवाज आणि हवेत भुसा. मॅडमचं सांगणं घरात सगळ्यांना सांगून झालं होतं. दूध पाजण्यापुरतं उठवायचं, बाकी बाळ दुसऱ्याने घ्यायचं. बाबांनी मान डोलवली होती. मोठ्या आईने ऐकलं होतं, पण मान डोलवली नव्हती.

पाचवीच्या संध्याकाळी ती पाटा, कागद, पेन, हळदकुंकू घेऊन आली. सगळं नीट मांडलं आणि मला म्हणाली, उठून बस, आज लेकरू खाली ठेवायचं नाही, एका रात्रीनं काही होत नाही. माझं तोंड उघडलंच होतं. बाबा दारात होते, त्यांनी नुसता घसा खाकरला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. आईने उभ्या जन्मात मोठ्या आईला उलटून उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"माही पोरगी आज झोपन, बाई," ती म्हणाली. "मले दोन वेळा जागवलं तुम्ही. काय भलं लिहून गेली सटवाई माह्या कपाळी?"

मोठी आई आईकडे बघत राहिली. वयाची पंच्याहत्तरी उलटलेली बाई, तिला खरं म्हणजे कोणी असं बोलू नये. तिचे हात पाट्यावर होते ते तिने काढले नाहीत. काही वेळाने ती खाली बसली, भिंतीला पाठ टेकली आणि मांडी घातली.

"मग दे ते लेकरू मले," ती म्हणाली. "कोणाच्या तरी मांडीवर पायजे ना."

बाबांनी बाळ उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः तिच्या शेजारी चटई टाकली. आईने आपली गोळी घेतली आणि माझ्या बाजूला आडवी झाली, कारण जागरण तिलाही चालत नाही. पुढचं मला काही सांगता येणार नाही. दूध पाजायला दोनदा उठवलं म्हणतात, मला एकच आठवतं. सकाळी जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं. दीर-भावजय दोघंही बसल्या जागी होती, बाबा घोरत होते आणि मोठी आई टक्क जागी, बाळ मांडीवर. मागच्या वेळांबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही. पण बारशापर्यंत रोज रात्री जेवण झालं की ती न बोलावता यायची आणि बाळाला घेऊन बसायची.

दिवस मात्र सरता सरत नव्हते. दहावा, अकरावा, बारावा. माझ्यावर सगळ्यांची नजर, आणि माझी तर सर्वांत जास्त. तेराव्या दिवशी बाबांनी चुरणीची मशीन नेमकी माझ्या खिडकीसमोर लावली आणि सगळा भुसा बाळाच्या पाळण्यात. मी जी काही सुटले म्हणता! बाबांचं, मशीनचं, मशीनवाल्याचं, सगळं काढलं. मग लक्षात आलं की अंगणात सगळे जागच्या जागी थिजलेत आणि माझ्याकडे बघताहेत. मीही मधेच थांबले. आई हात पुसत आली आणि मला जवळून न्याहाळून विचारलं, काल रात्री झोप झाली होती का. झाली होती, म्हटलं. चांगली सहा तास.

"मग भांड," आई म्हणाली आणि आत गेली. मशीन हलवली गेली.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही मॅडमना दाखवायला गेलो, मी, आई आणि बाळ. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, सगळं छान आहे. सगळ्यात अवघड दिवस गेले. पुढेही झोप सांभाळायची, काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं की दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी उगाचच चौकीदाराला नमस्कार केला.

परतीच्या बसमध्ये आईला खिडकी दिली, बाळ माझ्याकडे. भंडारा सुटलं आणि आई रडायला लागली. आवाज न करता नाही, चांगली हुंदके देऊन. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. सवयीने मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि आईने ते ओळखलं.

"भेऊ नको," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "हे ते नाही. तुले नाही झालं म्हणून रडून राहिली मी. कधीची रडली नाही, बाई. मी रडली का तुम्ही सगळे गोळ्या मोजता."

खरं होतं. आई जरा जास्त हसली किंवा रडली की आमच्यापैकी कोणीतरी गुपचूप जाऊन डबीतल्या गोळ्या मोजायचं, तिने चुकवल्या तर नाहीत ना म्हणून. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून मोजत होते. आम्हाला वाटायचं तिला कळत नाही. आणि ती बिचारी आमच्यासाठी इतकी वर्षं मोजूनमापून हसत होती.

मी बाळ तिच्याकडे दिलं. ती वाटेतलं अड्याळ येईपर्यंत रडली, आणि घरी गेल्यावर मी डबी उघडली नाही.