बदलीवाल्या जाईवहिनीचे हात

जाईवहिनीला ‘बदलीत तुझी सोय आहे’ असं ज्यानं सांगितलं, त्याला एकदा आमच्या लालबागच्या खोलीत आणून बसवावं असं मला फार वाटायचं. सांगितलं होतं गिरणीच्या लेबर ऑफिसरनं. माझा भाचा रामू तेव्हा पाळण्यात होता. त्याला कडेवर घेऊन वहिनी ‘मला कायम करा’ म्हणायला ऑफिसात गेली होती. साहेबानं मुलाच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाला, “तुम्हा लेकुरवाळ्या बायकांना बदलीच बरी. वाटेल तेव्हा यायचं, वाटेल तेव्हा घरी राहायचं. पोर आजारी पडलं तर रजा मागायला नको.”

बदली म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळच्या भोंग्याआधी गेटावर जाऊन उभं राहायचं. कायमची एखादी बाई आली नाही, तर तिच्या जागी आत जायचं. सगळ्या आल्या तर घरी परत. ‘वाटेल तेव्हा’ हे साहेबाचं म्हणणं खरंच होतं. फक्त वाटायचं ते गिरणीला, वहिनीला नव्हे.

मी गुणाजीदादाची धाकटी बहीण, शेवंता. दादा माझगावच्या गोदीत कामाला आणि वहिनी गिरणीच्या वायंडिंग खात्यात. रामूला मी सांभाळायची, कारण आमच्या गिरणीच्या पाळणाघरात बदलीवाल्या बायकांची मुलं घेत नसत. रोज सकाळी मी रामूला घेऊन वहिनीबरोबर गेटापर्यंत जायची. ती आत गेली तर आम्ही दोघं घरी यायचो, नाही गेली तर तिघं.

वायंडिंगमध्ये सूत बॉबिनवरून कोनावर चढवतात. धागा तुटला की चालत्या मशीनवर दोन टोकं धरून चुटकीसरशी गाठ मारायची, त्यात वहिनीचा हात धरणारी कुणी नव्हती. पण त्या कामाला बोटं मऊ लागतात. खरखरीत बोटाला बारीक सूत अडकतं आणि पुन्हा तुटतं. म्हणून खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी सुंदराबाई नायकीण गेटावर बदलीवाल्या बायकांचे हात बघायची. मुठीत सुताची एक लड ठेवायची आणि एकेकीच्या बोटांवरून ती हळूच ओढायची. लड सरकली तर “चल आत.” अडकली तर नुसती नकाराची मान हलवायची.

आता या बायकांचे हात मऊ राहणार कसे, ते सुंदराबाईनंच सांगावं. काम मिळालं नाही त्या दिवशी वहिनी ट्रामनं गिरगावला जायची. तिथल्या आनंदीबाई टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होत्या. त्यांच्याकडे भांडी घासायची आणि कपडे धुवायची. भांड्यांना राख आणि काथ्या, कपड्यांना सोडा. थंडीच्या दिवसांत तर बोटांच्या पेरांना अशा भेगा पडायच्या की मीठ हातात घेताना ती डोळे मिटून घ्यायची. गिरणीत काम नाही म्हणून धुणी धुवायची आणि धुण्यानं हात गेले म्हणून गिरणीत काम नाही. या चरकात ती दोन वर्षं फिरत होती, आणि तिला म्हणे सोय होती.

आनंदीबाई वाईट नव्हत्या. ऑफिसला निघताना आरशापुढे उभ्या राहून तोंडाला स्नो लावायच्या आणि लावता लावता वहिनीला सांगायच्या, “जाईबाई, पाण्यातून हात काढलेस की लगेच ग्लिसरीन लावत जा. बाईच्या जातीनं कातडीकडे दुर्लक्ष करू नये.” एकदा तर स्नोची संपत आलेली बाटलीच त्यांनी दिली. वहिनीनं घरी येऊन बाटली फळीवर ठेवली आणि मला म्हणाली, “पाण्यातून हात काढल्यावर लाव म्हणतत. पाण्यातून हात मी काढतंय कधी गो?”

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा रोज कुठे ना कुठे असायच्या. आमचा दादा एकही चुकवायचा नाही. घरी आला की बोलायला बसायचा. मुंबई आपली होणार, राज्य कष्टकऱ्यांचं होणार. मला ते ऐकायला आवडायचं, अंगावर काटा यायचा. प्रभातफेरीत मीही जायची. पण चहा पिऊन झाला की दादा कप तिथेच जमिनीवर ठेवायचा आणि वहिनी आपल्या फाटक्या बोटांनी तो उचलून मोरीवर न्यायची. कष्टकऱ्यांचं राज्य आमच्या मोरीपर्यंत कधी येईल, असं मी एकदा विचारलं, तर दादा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

मग एके दिवशी सुंदराबाईनं वहिनीला बाजूला घेतलं. खात्यातली एक म्हातारी बाई गावी जाणार होती. तिची जागा कायमची भरायची होती. सुंदराबाईनं खातं सांभाळणाऱ्या मास्तरच्या कानावर वहिनीचं नाव घातलं होतं. “पुढच्या सोमवारी मास्तर तुला पूर्ण पाळी बारीक सुतावर बसवील,” ती म्हणाली. “काम त्यानं बघितलंय. पण हे हात घेऊन येशील तर माझं नाव जाईल.”

वहिनी घरी आली ती भांबावल्यासारखी. कायम झाली तर रामू पाळणाघरात जाणार, पगारी रजा मिळणार, सकाळी उठल्यावर आज काम आहे की नाही हा प्रश्नच उरणार नाही. हे शेवटचंच तिला सर्वांत मोठं वाटत होतं. ती मला म्हणाली, “शेवंते, एवढे दिवस तू गिरगावाक जाशील?”

मी गेले. रामूला शेजारच्या गंगूबाईंकडे ठेवायची आणि आनंदीबाईंची भांडी घासायची. सोड्याच्या पाण्यात हात घातल्यावर कळलं की वहिनी इतके दिवस किती कमी बोलली होती. घरीही मी तिला पाण्याला हात लावू दिला नाही. दादानं पहिल्यांदा आपला कप स्वतः विसळला. विसळताना तो इतका गंभीर होता की मला हसू आवरेना.

हातांसाठी वहिनीनं आमच्या गावचा उपाय काढला. तिच्या आईनं बोटीनं येणाऱ्या माणसाबरोबर मुठेल पाठवलं होतं. कोकमाच्या बियांचं तेल काढतात, ते थिजलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, तेच मुठेल. कोकणात टाचेला भेग पडली की ते पळीत वितळवतात आणि गरम गरम भेगेत भरतात. थिजलं की भेग बुजते, वर सिमेंट केल्यासारखी. वहिनी रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून पेरापेरात मुठेल भरायची. चरचर झाली की ओठ दाबायची. आनंदीबाईंच्या स्नोकडे तिनं बघितलंही नाही. “ता तोंडाचा. माका हात होये,” म्हणाली.

आणि हात खरंच सुधारले. सोमवार येईपर्यंत बोटं गुळगुळीत झाली. मी माझ्या रिबिनीचा दोरा काढून तिच्या बोटांवरून ओढला, तर सर्रकन सरकला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. सकाळी तिनं रिठ्यानं हात धुतले, पुसले, उजेडात धरून बघितले. हात कोरडे होते. गेटावर सुंदराबाईची लड सरकली आणि वहिनी आत गेली.

पाळी सुटली तेव्हा मी रामूला घेऊन गेटावर उभी होते. बायका घोळक्यानं बाहेर आल्या, शेवटी वहिनी आली. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. तिनं रामूला घेतलं नाही. चालता चालता सांगितलं.

काम चांगलं चाललं होतं. धागा अडकत नव्हता, गाठी सुंदर येत होत्या. मास्तर दोनदा येऊन मान डोलावून गेला. पण वायंडिंग खात्यात उकाडा फार. खिडक्या बंद, मशीनची धग वेगळीच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खातं असं तापलं की भेगांत खोल भरलेलं मुठेल वितळायला लागलं. आपल्याला कळतही नाही, कारण हात घामानं ओले असतातच. पांढऱ्या सुताच्या कोनांवर तिच्या बोटांचे पिवळट डाग उमटत गेले. मास्तरनं एक कोन उचलून उजेडात धरला, मग दुसरा. पूर्ण लॉट बाजूला काढावा लागला.

गावात ज्या बायकांनी आयुष्यभर टाचेत मुठेल भरलं, त्यांना हे कुणी सांगायचं? गावात टाच तापत नाही.

“मास्तर काय म्हणाला?” मी विचारलं.

“तो म्हणालो, हात चांगलो हा. पण कायम करूक जबाबदारी लागता.”

मला इतका राग आला की रस्त्यावरच रडू फुटलं. राग कुणाचा, तेही नीट सांगता येईना. मास्तरचा, मुठेलाचा, आनंदीबाईंच्या स्नोचा, सगळ्यांचाच. दादानं रात्री जेवताना विचारलं आणि ऐकून म्हणाला, “जाऊ दे, आपलं राज्य आलं की हे सगळे मास्तर सुतासारखे सरळ होतील.” मी दादाला भात वाढलाच नाही. वाढून घे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पुन्हा गेटावर उभी. सुंदराबाई रागावलेली असेल असं वाटलं होतं, पण तिनं लड ओढली आणि ती सरकली. रात्रभरात उरलंसुरलं मुठेल वहिनीनं गरम पाण्यानं काढून टाकलं होतं, आणि खाली नवी कातडी आली होती. “चल आत,” सुंदराबाई म्हणाली. “म्हातारीच्या मशीनवर बस. ती कालच गावी गेली.”

वहिनी हलली नाही. “नायकीणबाई, ती जागा कायमची ना?” तिनं विचारलं.

“जागा कायमची गं बाई,” सुंदराबाई म्हणाली. “बदली तू.” ती टोचून बोलली नव्हती. वस्तुस्थिती सांगत होती, आणि तिच्याही डोळ्यांत तिला ते आवडलेलं नाही हे दिसत होतं.

मी वहिनीचा पदर धरला. म्हटलं, “वैनी, चल घरी. नको जाऊस.” तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईनं तोवर आपला हात पुढे केलेला होता. वहिनीनं त्या हाताकडे बघितलं, रामूकडे बघितलं आणि पदर सोडवून घेऊन आत गेली. मी तिच्या जागी असते तर गेले नसते, असं तेव्हा मला ठामपणे वाटलं. मी सतरा वर्षांची होते आणि आमची चूल कशावर पेटते याचा विचार मला करावा लागत नव्हता.

ती जागा मग कायमची कधी भरलीच गेली नाही. वहिनी बहुतेक रोज त्याच मशीनवर बसायची आणि रोज सकाळी आधी हात दाखवायची. सुट्टी घेतली की पगार नाही, रामूला गोवर झाला तेव्हाही नाही. गिरगावची भांडी माझ्याकडे आली ती माझं लग्न होईपर्यंत. साहेब मधल्या काळात बदलून गेला. नवा आला, त्यानंही बदलीत बायकांची कशी सोय आहे तेच सांगितलं.

राज्य झालं तेव्हा गिरणीच्या गेटावर पेढे वाटले. कायमवाल्या, बदलीवाल्या, सगळ्यांना सारखे. वहिनी पदरात पेढे बांधून घरी आली. दादानं रामूला खांद्यावर घेतलं होतं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं. खोटं कशाला सांगू, आम्ही त्यासाठी खूप काही बघितलं होतं. दादानं वहिनीला पेढा भरवला आणि म्हणाला, “जाई, आता आपलं राज्य.”

“बरां झालां,” वहिनी म्हणाली. तिनं पेढा खाल्ला, हात पुसले. “उद्या गेटार जाऊन बघतंय, माका आत घेतत काय ता.”