शिवेपलीकडचा चर

"ए तारेऽऽ! तुज्या बापाचा डोंगर हाय का ह्यो?"

आवाज डोंगराच्या खालून आला. तालमीतले शड्डू ऐकत मी लहानाचा मोठा झालो, पण असा आवाज माझ्या कानावर कधी पडला नव्हता. त्याने माझ्या डोक्यावरचं मातीचं घमेलं हललं, घमेल्यामागोमाग मी हललो आणि नुकत्याच खणलेल्या चरात मी बसकण मारली. समोरच्या बोरीवरून जी पाखरं उडाली ती माझ्या अंदाजाने अजून बीड जिल्ह्यात असतील.

माझ्या शेजारी टिकाव घेऊन उभ्या असलेल्या ताराबाई, म्हणजे वाघमाळ गावच्या सरपंच, तसूभर हलल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि तितक्याच मोठ्याने खाली उत्तर धाडलं, "व्हय आप्पा, बापाचाच हाय! इसरलात काय?"

आणि ते खरं होतं. काठी नाचवत, पाठीमागे अर्धं गाव घेऊन डोंगर चढणारे ते आप्पा म्हणजे ताराबाईंचे सख्खे चुलते. डोंगराच्या अलीकडे वाघमाळ, ताराबाईंचं सासर. पलीकडे खालच्या अंगाला चिंचटाके, त्यांचं माहेर. मधून दोन्ही गावांची शीव जाते. ती शीव आणि माझं बूड त्या सकाळी नेमकं कुठे होतं, यावरून पुढचं सगळं घडलं.

पण मुळात कोल्हापूरचा माणूस मे महिन्यात त्या डोंगरावर घमेलं वाहायला गेलाच कसा, हे आधी सांगायला हवं.

दोष माझ्या मेहुण्याचा. दिनकर एका संस्थेत काम करतो. एकेका गावाचा सुटा विकास करायचा नाही, एका ओढ्यावर जेवढी गावं बसलीत त्या सगळ्यांचा मिळून एक आराखडा करायचा, असं त्यांचं काम. आमच्याकडे तो जेवायला आला की ताटातल्या भाताचा डोंगर करतो, आमटीचा ओढा सोडतो आणि समजावतो. भात गार होतो, बायको भावाच्या हुशारीने गहिवरते आणि मी उपाशी राहतो. शेवटी म्हटलं, तुझा हा भात एकदा प्रत्यक्ष दाखव. आता आपल्याला पाण्याचं काय अप्रूप! आपल्याकडे पावसाळ्यात पाणी आणायला जावं लागत नाही, तेच आपल्याला न्यायला येतं. पाण्यासाठी माणसं डोंगर खणतात, हे मला पाहायचं होतं.

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि कंडक्टर "नगर नगर नगर" ओरडत होता. दोन्हींवर विश्वास ठेवून मी उतरलो. दिनकर जीप घेऊन हजर होता. त्या जीपला दार होतं, पण ते सोयीपुरतं. वळणावर ते आपण हाताने धरायचं. भिंगारच्या जुन्या बाजारात चहा प्यायलो. इतका गोड, की पुढचे दोन थांबे माझे ओठ एकमेकांना सोडायला तयार नव्हते. दिनकरला तेवढा वेळ फार शांत गेला असावा.

पहिल्या दिवशी त्याने मला मनमाड रस्त्याने वर कोल्हारला नेलं. प्रवरेच्या काठाने ऊस असा माजला होता, की मी म्हटलं, "अरे, हे तर आपलंच गाव!" दिनकर म्हणाला, "हं." दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेने गेलो तर माळरान सुरू झालं, आणि ते संपेचना. दगड, तरवडीची झुडपं, पुन्हा दगड. एकाच जिल्ह्यात दोन मुलुख. मधेच हिवरे बाजार लागलं. तिथे ग्रामसभा आधी पाण्याचा हिशेब मांडते आणि मग कोणी कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. ते पाहायला देशोदेशीची माणसं येतात. इतकी येतात, की मी मोबाईल काढला तेव्हा तिथल्या एका म्हशीने मान वळवून स्वतःची चांगली बाजू पुढे केली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दिनकरने पाहिलं नाही, कारण तो नकाशा पाहत होता.

संध्याकाळी वाघमाळला पोचलो. ताराबाईंनी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळे, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेले) आणि बाजरीची भाकरी वाढली. रस्सा असा होता, की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते दिनकरने आराखड्यात धरायला हरकत नव्हती.

"लई तिखट झालं का, पाव्हणं?"

"छे! आमच्याकडे लहान बाळांना देतात," मी रडत म्हणालो.

जेवताना त्या बोलत होत्या. लहानपणी याच डोंगरावर शेळ्या राखायच्या. दगड न् दगड ओळखीचा. आईवडील गेले, माहेर म्हणजे आता आप्पांचं घर. वाघमाळने ओढ्यावर बंधारे घातले, वाघमाळच्या विहिरींना पाणी आलं आणि नेमकी त्याच साली खाली चिंचटाक्याची विहीर आटली. खालची माणसं म्हणायला लागली, आमची लेक आमचंच पाणी अडवून बसली. दोन पंचम्या झाल्या, नागपंचमीला तिकडून मुराळी (लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ) आला नव्हता.

"बोलवल्याशिवाय जाता येत न्हाई व्हय?" मी त्यांच्या बोलीत विचारून पाहिलं.

"जाता येतं की. पर मंग ते माहेर ऱ्हात न्हाई," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी रस्सा ओतला.

दिनकरचं म्हणणं साधं होतं. डोंगरमाथ्यापासून चिंचटाक्याच्या वेशीपर्यंत दोन्ही गावांनी मिळून काम केलं तरच वर आणि खाली दोन्हीकडे पाणी टिकेल. संस्था येणार ती दोन्ही गावं हो म्हणाली तरच. त्यासाठी दुसऱ्या दिवशी दुपारी शिवेवर दोन्ही गावांची मिळून ग्रामसभा होती. दिनकरचा आराखडा आणि ताराबाईंचा मुराळी, दोघेही त्या सभेवर टांगलेले.

आणि सभेच्या आधी, सकाळच्या श्रमदानात, हा घोळ झाला.

समपातळी चर म्हणजे डोंगराच्या पोटाला आडवा खणलेला, कुठेही चढ-उतार नसलेला चर. पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी घ्यायची. दोघांनी दोन टोकं धरायची. दोन्हीकडे पाणी सारखं उभं राहिलं की तिथे चुना टाकायचा. पुढचं टोक ताराबाईंच्या हातात होतं. त्या चालत होत्या, मागून वाघमाळ खणत होतं, आणि त्यांच्या मागून मी घमेल्याने माती उचलत होतो. खरं सांगायचं तर अर्धा डोंगर मी एकट्यानेच हलवला. पातळी सापडत गेली, टिकाव चालत गेले, नळी ठेवून ताराबाईंनीही टिकाव घेतला, माणसं अशी रंगली की कुणी मान वर केली नाही. गावंच्या गावं हद्दीसाठी भांडतात, एकेका बांधासाठी कोर्टात जातात. पण घाम गाळण्याच्या भरात शेजारच्या गावात शिरलेलं गाव मी हे एकच पाहिलं.

आप्पा वर पोचले. त्यांनी काठीने मागची एक तरवडीची जाळी बाजूला केली. तिच्यात शिवेचा दगड होता. आमच्या बराच मागे.

दिनकरने नकाशा पाहिला, दगड पाहिला आणि चहा झालाय अशा सुरात म्हणाला, "आपण पलीकडे आहोत."

"ऐकलं का?" आप्पा गरजले. "वड्याचं पानी नेलं, आता डोंगर न्यायला आल्यात! बुजवा. आत्ताच्या आत्ता बुजवा! आन् ती सभा-बिभा गेली खड्ड्यात."

ताराबाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. मला राहवेना. चरातूनच हात वर करून मी सुरुवात केली, "आप्पा, आमच्या कोल्हापुराकडे दोन गावांची अशीच शीव चुकली, तर त्यांनी..."

"तुमी कोन?"

"मी दिनकररावांचा दाजी."

"मंग खड्ड्यातून भायेर या आन् पाव्हन्यासारखं सावलीला बसा."

मी बाहेर आलो. सावली नव्हती, म्हणून नुसताच बसलो.

"बुजवते, आप्पा," ताराबाई म्हणाल्या. "पर त्याआदी बगा तरी, पानी कुनाकडं पळतंय. आमच्याकडं पळालं तर आमी चोर. मग आख्खा चर माझ्या हातानं बुजवीन आन् परत तुमच्या वाटंला येनार न्हाई."

रोपांसाठी आणलेला टँकर गाडीवाटेवर उभा होता. दोन्ही गावांची माणसं दोन वेगळ्या रांगांनी उभी राहिली, कारण दुसऱ्या गावाच्या हाती बादली द्यायला कोणीच तयार नव्हतं. शिवेपलीकडच्या तुकड्यात पाणी पडायला लागलं. हातभर साचलं. आप्पांनी बोरीचं एक पान तोडलं, सगळ्यांना दाखवलं आणि पाण्यावर सोडलं.

पान हललं नाही.

सगळे वाकले. मी असली शांतता कुस्तीच्या फडात निकालाच्या क्षणीसुद्धा पाहिली नाही. एका म्हाताऱ्याला खोकला येत होता, तो त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला. आप्पांनी काठीने पानाला ढोसलं. पान स्वतःभोवती फिरलं आणि तिथेच थांबलं. ना वाघमाळकडे गेलं, ना चिंचटाक्याकडे. पाणी मात्र हळूहळू खाली बसायला लागलं.

"कुठं चाललंय?" आप्पांनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच माणसाएवढा झाला होता.

"मुरतंय," दिनकर म्हणाला. "या अंगाचा उतार तुमच्याकडे आहे. इथे मुरलेलं तुमच्या विहिरीकडे जाणार."

"कोनाच्या?"

"तुमच्या. चिंचटाक्याच्या."

आणि डोंगर उलटा झाला. वाघमाळचा एक दांडगा गडी टिकाव आपटून ओरडला, "म्हंजी सकाळधरनं आमी ह्यांच्या इहिरीसाटी घाम गाळला? बुजवा रं!" सकाळपासून खणणारे बुजवायला फावडी घेऊन धावले. आणि मघाशी बुजवा म्हणणारे आप्पा, त्या वयात, धोतर सावरून थेट चरात उतरले आणि ओल्या चिखलात हात पसरून उभे राहिले.

"खबरदार! चिंचटाक्याचा चर हाय ह्यो! एक ढेकूळ पडलं तर गाठ माज्याशी हाय!"

"तुमचा म्हनता?" ताराबाईंनी विचारलं.

"आमच्या शिवंत हाय. आमचाच."

"आन् खनला कुनी?"

आप्पांनी पायाखालच्या चिखलाकडे पाहिलं.

"तुमचा चर, खनला आमी. मंग ह्याला काय म्हनायचं, आप्पा?"

आप्पांना उत्तर ठाऊक होतं, पण ते देईनात. शेवटी चिंचटाक्याच्याच घोळक्यातून एक बाई पुटपुटली, "सावड."

सावड म्हणजे आज आम्ही तुझ्या रानात राबतो, उद्या तू आमच्या. पैशाची गोष्ट नाही, कागद नाही. पण घेतलेली सावड ज्याने फेडली नाही, त्याच्या खळ्यावर पुन्हा कोणी पाऊल टाकत नाही. चर ठेवायचा तर सावड घेतली म्हणायचं. सावड घेतली म्हणायची तर वाघमाळच्या डोंगरावर टिकाव घेऊन यायचं. आप्पा त्या चरात दोन्ही बाजूंनी अडकले होते, आणि चिखलात त्यांची एक वहाणही अडकली होती.

"कवा फेडायची?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी वरच्या अंगाला या. मंग परवा आमी खाली तुमच्या वड्यात. असं करत माथ्यापासनं तुमच्या येशीपतूर."

दिनकरने नकाशाची घडी घातली, कारण त्याचा सगळा आराखडा ताराबाईंनी तेवढ्यात सांगून टाकला होता. ग्रामसभा तिथेच झाली. आप्पा चरातच होते. दोन्ही गावांचे हात वर गेले. आप्पांचा हात सगळ्यात शेवटी आणि निम्मा गेला, पण गेला. मग ते वहाण उपसून खाली उतरायला लागले. ताराबाई उभ्या राहून पाहत होत्या. मुराळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही, आप्पांनीही नाही. आप्पांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

निघताना मी हळूच विचारलं, "ताराबाई, लहानपणापासून दगड न् दगड ओळखीचा म्हणत होता. मग शीव चुकली कशी?"

"धुकं हुतं."

"मे महिन्यात?"

"हुतं वाईच," त्या म्हणाल्या आणि घमेली गोळा करायला वळल्या.

परतीच्या वाटेवर जीपचं दार धरून मी विचार करत होतो. माळ तोच होता, तरवड तीच, पण आता प्रत्येक उताराकडे पाहून मनात येत होतं, इथलं पाणी कुणाच्या विहिरीत जात असेल आणि ते त्यांना ठाऊक असेल का? आपल्याकडे नदी दाराशी येते म्हणून आपण शेजाऱ्याला कधी हा प्रश्न विचारला नाही. हे सगळं मी दिनकरला बरंच फुलवून सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, दार."

घरी आल्यापासून ही गोष्ट मी गल्लीत अनेकदा सांगितली आहे. मधल्या काळात चर वाढला आहे, आप्पांचा आवाज पुण्यापर्यंत पोचला आहे आणि घमेलं वाहणारा मी एकटाच उरलो आहे. फक्त शेवट मला सांगता येत नव्हता, म्हणून श्रावण लागल्यावर, पंचमीच्या आधी, मी ताराबाईंना फोन लावला.

"मुराळी आला का?"

"आलाय. ओसरीवर च्या पितोय."

"आणि आप्पांचा काही निरोप?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "म्हनलेत, पंचमीला माती उकरायची नसती. दुसऱ्या दिवशी उकरायची. टिकाव घिऊन ये."