कुरडयांच्या राखणीला बसलेलं ध्यान

मन शांत करायला बसलो आणि पुतणीच्या लग्नाचं रुखवत शेळ्यांना खाऊ घातलं.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजून सांगितलं होतं, "गोळी चालू ठेवा आणि रोज दहा मिनिटं ध्यान करा." गोळी दुकानात मिळाली. ध्यान कुठं मिळतं ते त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं. त्यातली बाई इतक्या हळू इंग्रजीत बोलायची, की ऐकू यावं म्हणून मी श्वास रोखून धरायचो (ती बहुधा श्वास सोडा म्हणत असायची). मग पारनेरच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. प्रस्तावनेतच झोप लागली. शेवटी कुणीतरी भिंगारचे एक निवृत्त सुभेदार सुचवले. ते रविवारी सकाळी फुकट वर्ग घेत.

सुभेदारांचा जन्म कवायतीत गेलेला. "डोळे... बंद. खांदे... ढिले. तिसऱ्या रांगेत कोण हललं?" पण माणूस तळमळीचा. निघताना मला म्हणाले, "घरी अंगणात बसा. आवाज येतील, येऊ द्या. हा कशाचा, तो कशाचा, असं नाव देत बसायचं नाही. नुसतं ऐकायचं."

दुसऱ्याच सकाळी योग आला. अंगणात दोन बाजांवर रुखवताच्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून बायकोनं एकटीनं केलेल्या.

"अहो, मी दळण घेऊन येते. जरा लक्ष ठेवा."

"लक्षच ठेवायला बसतोय," मी म्हणालो.

डोळे मिटले. एका फटफटीचा आवाज आला, गेला. पाखरांचा आला, तोही जाऊ दिला. मग एक फार गोड आवाज सुरू झाला. कुरकुर, कुरकुर. संथ, एका लयीत. हे काय असावं, असं मनात आलं, पण लगेच सुभेदार आठवले. नाव दिलं नाही. आवाज वाढत गेला, तशी माझी शांतीही वाढत गेली. इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"भाऊजी, झोपला का काय?" कुंपणापलीकडून शेजारच्या हिराबाईंनी विचारलं. "लई येळ शेळ्या हुडकतीय मी, अन् त्या तर तुमच्या बाजंवर हायेत."

डोळे उघडले. तीन शेळ्या. एक बाज मोकळी झालेली, दुसरीवर पंगत चालू. दारात दळणाचा डबा घेऊन बायको उभी.

"तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"आलं की. नाव नाही दिलं."

हे उत्तर द्यायला नको होतं. ती पायरीवर बसली. "लग्न बारा दिवसांवर आलंय," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी मीच गहू भिजत घातले. चौथ्या दिवशी चुलीपुढे बसलो, ती शेजारी पाटावर.

"हलवत राहा. लक्ष गेलं की गुठळी झालीच."

चीक घट्ट होत गेला, तसे खांदे भरून आले. पण तेवढा वेळ डोक्यात एक विचार फिरकला नाही. सोऱ्या फिरवताना मात्र हात थरथरत होते, ते प्रत्येक कुरडईत उतरलं.

लग्नात वरमाई रुखवतापुढे थांबल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, ही पाखरांची घरटी कुणी केली?"

आजवर फक्त उखाण्यात माझं नाव घेणाऱ्या बायकोनं, भर मांडवात, उखाण्याशिवाय, माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात.