एक डोस आवाज

आमचे कंपाउंडर हाताशी येईल त्या वस्तूवर लेबल चिकटवायचे. दवाखान्यातल्या बाटल्यांवर सगळेच चिकटवतात. यांच्या खोलीत स्क्रूच्या डबीवर ‘गरजेपुरते’, सरसाच्या डब्यावर ‘हलवून घ्यावे’, पॉलिशच्या बाटलीवर ‘पोटात घेऊ नये’. एकदा माझा रंधा नेला, तो परत आला तेव्हा त्यावरही चिठ्ठी होती. ‘मिस्त्रींचा. पात्याला बोट लावू नये.’ रंधा माझा, धार मी लावलेली, आणि बोट लावू नये हे मलाच सांगणार! मी दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. पण चिठ्ठी काढली नाही. अजून आहे.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत. हे असलं लिहायचा मला काय अधिकार, असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. या गावातल्या कितीतरी जुन्या घरांची दारं माझ्या हातची आहेत आणि पावसाळ्यातसुद्धा ती एका बोटाने लागतात. कंपाउंडरांबद्दल लिहायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मी लिहितो.

ते बाजारातल्या एका डॉक्टरांकडे कामाला होते. दिवसभर पुड्या बांधायच्या, मिक्श्चर ओतायचं. एकदा गावात ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातला गिटारवाला तापाने फणफणून दवाखान्यात आला. जाताना मान मोडलेली इलेक्ट्रिक गिटार बाकाखाली सोडून गेला. “फेकून द्या,” म्हणाला. कंपाउंडरांनी ती घरी नेली, स्क्रू काढून उघडली आणि आत नुसतं लोहचुंबक आणि तार बघून म्हणाले, “एवढंच? मग आपल्याला का नाही जमणार?” तिथून लागलेलं हे वेड. नोकरीत केस पिकले, पण सुट्टीच्या दिवशी हातात कानस नाही असं कधी झालं नाही. फणसाच्या लाकडाच्या सात गिटारी केल्या त्यांनी. फणस मीच निवडून द्यायचो. पिवळाधमक, पॉलिश केला की मधासारखा दिसायचा.

गिटारी करायचे, पण वाजवायचे कुठे? राहायला दवाखान्याच्या मागची एकच खोली. खिडकी उघडली की हातभरावर शेजारच्या घराची चिऱ्याची भिंत. त्या खोलीत खाटेवर आक्का, त्यांची थोरली बहीण. लग्न झालं नाही, पाय कधीच गेलेले, आणि मोठा आवाज झाला की फिट यायची. भांडं पडलं तरी डोळे फिरायचे. दिवाळीत फटाके सुरू झाले की कंपाउंडर तिच्या कानांत कापूस घालून वर आपले दोन्ही तळवे दाबून बसायचे. लक्ष्मीपूजनाला मी फराळाचं घेऊन गेलो तर तसेच बसलेले. म्हणाले, “मिस्त्री, करंजी तुम्हीच भरवा मला. हात कामात आहेत.”

दवाखान्याच्या वेळात शेजारच्या काकू आक्कापाशी बसायच्या. बाकी वेळ हे. बाजारहाट झाली की सरळ घरी. एवढं समुद्राकाठचं गाव, पण मांडवीच्या किनाऱ्यावर शेवटचे कधी आलात असं विचारलं तर त्यांना आठवायचं नाही. गोव्यातला एक वाद्यांचा दुकानदार त्यांची गिटार बघून खास भेटायला आला होता. “चला माझ्याकडे, राहायची सोय करतो,” म्हणाला. यांनी त्याला चहा पाजला आणि लावून दिला. मी रागावलो. तर म्हणाले, “त्याच्या दुकानात दिवसभर गिटारी वाजतात. आक्का तिथे एक दिवस तरी जगेल का? आणि मी तिथे गेलो तर हिचं तोंड कोण धुणार? तुम्ही?”

आता कुणाला वाटेल, आक्का म्हणजे पायातली बेडी. तसं नव्हतं. गिटारीच्या तारांखाली जो चुंबकाचा तुकडा बसवतात, त्याला केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळावी लागते. हजारो वेढे. आक्काचं जुनं शिलाई मशीन होतं, त्याच्या बॉबिन भरायच्या चाकावर कंपाउंडर ती तार गुंडाळायचे आणि वेढे मोजायची आक्का. खाटेवर पडून, आढ्याकडे बघत, मोठ्याने. मी कितीदा ऐकलंय. “चार हजार दोनशे दहा, चार हजार दोनशे अकरा... थांब रे बाळ, तहान लागली.” चाक थांबायचं. पाणी पाजून झालं की ती बरोबर बारापासून पुढे. मध्येच मी काही बोललो तर ओरडायची, “मिस्त्री, तुमचं तोंड बंद करा हो! आकडा चुकला तर पहिल्यापासून तुम्हीच मोजाल काय?” त्या दोघांना तसं बघितलं की मला बरंही वाटायचं आणि बाहेर पळून जावंसंही वाटायचं. हवाच नव्हती त्या खोलीत.

आवाजाचा बंदोबस्त कंपाउंडरांनी आपल्या पद्धतीने केला होता. पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी लावून देत, एक खाच म्हणजे एक डोस. तशीच पट्टी त्यांनी अॅम्प्लिफायरच्या बटणाभोवती गोल चिकटवली होती. सहा डोस. त्यातला पहिलाच वापरायचा. एका डोसाला तो आवाज म्हणजे डबीत कोंडलेला भुंगा. कान लावून ऐकायचे ते, डोळे मिटून. “पुढचे पाच कधी द्यायचे?” मी विचारायचो. “पेशंटला सोसतील तेव्हा,” म्हणायचे आणि खाटेकडे बघून हसायचे. आक्काही हसायची. पण एकदा ते पाणी भरायला गेले असताना ती मला म्हणाली, “मिस्त्री, माझ्यामुळे याच्या सातही गिटारी मुक्या राहिल्या. एकदा तरी ह्याला पुरता वाजवू दे. मी मेल्यावर नको. माझ्या डोळ्यांदेखत.”

मग मी ठरवलं. माझी शेड तेव्हा मांडवीत, समुद्राकडे तोंड करून. तिथे कितीही वाजवा, ऐकायला कावळे. स्पीकरचं चांगलं मोठं खोकं मी करून देणार, एका रविवारी ते शेडमध्ये जाऊन सहाच्या सहा डोस वाजवणार, आणि तेवढा वेळ आक्कापाशी मी बसणार. कंपाउंडर कबूल झाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते मी विसरलेलो नाही. पण लगेच म्हणाले, “खोकं प्लायवूडचं करू या.”

“प्लायवूड?” मी म्हटलं. “लाकडाचे पापड एकावर एक चिकटवलेले, त्याला मी हात लावू?”

“पापड वाकत नाही, मिस्त्री. फळीला पाऊस कळतो. ती फुगते, आखडते. स्पीकरच्या खोक्याला ते चालत नाही. मी वाचलंय.”

“तुम्ही वाचलंय, मी जन्मभर केलंय. चाळीस वर्षं वाळलेला सागवान आहे माझ्याकडे. करीन तर त्याचं करीन. माझ्या शेडमध्ये प्लायचं खोकं येणार नाही.”

त्यांनी एकदा खाटेकडे बघितलं. त्यांना दुसरा सुतार मिळाला असता, पण शेड आणि रविवारी आक्कापाशी बसणारा माणूस दोन्ही माझ्याकडेच होतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. “बरं,” म्हणाले. “तुमचं लाकूड, तुमचं म्हणणं.”

खोकं मी असं केलं की बघत राहावं. कोपऱ्याला एक खिळा नाही. दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे सांधे. पुढची फळी एकसंध, चारी बाजूंनी खाचेत घट्ट बसवून सरसाने पक्की केलेली, केस जायला जागा नाही. ऐन उन्हाळ्यात झालं. स्पीकर बसवायला आणि आक्काला दाखवायला म्हणून ते त्यांच्या खोलीवर नेलं. पण त्याच आठवड्यात आक्काला ताप आला, तो महिनाभर हटला नाही. मग पाऊस लागला. खोकं त्या ओलसर भिंतीला टेकून आक्काच्या खाटेजवळ उभं राहिलं. कंपाउंडर रोज त्यावर फडका फिरवायचे.

श्रावणात एका रविवारी उघाड पडली. खोकं टेम्पोत चढवलं. कंपाउंडरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसं कुणाच्या लग्नाला. दारातून तीन वेळा परत आले. कापूस कुठे आहे, गोळी कधी द्यायची, चमचा कुठला. शेवटी आक्काच ओरडली, “जातोस की नाही मेल्या! मी काय पळून जाते?”

ते गेले. मी खुर्चीवर बसलो. आक्का म्हणाली, खिडकी उघडा. मी उघडली. समोर चिरा.

“एवढ्या लांबचं ऐकू येणार नाही हो आक्का,” मी म्हटलं.

“तुम्हाला नाही येणार,” ती म्हणाली आणि आढ्याकडे बघत बसली. मध्येच म्हणाली, “आता तिसरा देत असेल.” मग थोड्या वेळाने, “पाचवा.” माझ्या अंगावर काटा आला. मी एरवी असल्या गोष्टी मानत नाही.

दोन तास ठरले होते. ते पाऊण तासात परत आले. शर्ट घामाने चिकटलेला.

“दिलेस सगळे?” आक्काने विचारलं.

“सहाच्या सहा.”

“कसा वाजला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मिस्त्रींच्या हातचं काम आहे. काय विचारतेस?”

माझी छाती फुगली. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली. सागवान म्हणजे सागवान, पुस्तकात वाचून काही कळत नाही, वगैरे. कंपाउंडर समोर असले तरी मान हलवायचे. मी म्हणायचो, परत कधी जायचं शेडमध्ये? ते म्हणायचे, “एकदा औषध लागू पडलं, मग परत कशाला?” आणि बटण आपलं पहिल्या डोसावर. मला वाटायचं, माणूस तृप्त झाला.

ते गेले दवाखान्यातच. पुडी बांधता बांधता बाकावर टेकले, परत उठले नाहीत. आक्काला लांज्याची भाची घेऊन गेली. जायच्या दिवशी मी भेटायला गेलो तर तिने माझा हात धरला. रडली नाही. “खोकं, अॅम्प्लिफायर आणि शेवटची गिटार तुमच्याकडे ठेवा,” म्हणाली. “वेढे बरोबर आहेत तिचे. मी मोजलेत.” दोन महिन्यांत तीही गेल्याचं कळलं.

खोकं आमच्या घरी आलं. सुनेने त्यावर कापड घातलं आणि टीव्ही ठेवला. शेड मी विकली. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्यावर आम्हाला कोण विचारतो? गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरलो, खुबा मोडला. तेव्हापासून खुर्ची, खाट, खुर्ची. मुलगा मुंबईला, सून घरात. चांगली आहे, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. खिडकीतून समोर आवाराची भिंत दिसते. दिवसभर ती बघतो. कंपाउंडरांनी एवढी वर्षं कशी काढली असतील, हे मला आता कळतं. आणि मी त्यांच्या घरून उठताना रोज म्हणायचो, “जरा बाहेर पडत जा हो!”

चार महिन्यांपूर्वी नवीन टीव्ही आला, तो भिंतीवर गेला. खोकं मोकळं झालं. मला वाटलं, आपले सांधे आतून कसे राहिलेत बघू. खरं सांगायचं तर स्वतःचीच पाठ थोपटायची होती. सुनेकडून स्क्रू ड्रायव्हर घेतला, स्पीकर काढला आणि बॅटरी मारून आत बघितलं.

सांधे जागच्या जागी होते. पण पुढची फळी स्पीकरच्या भोकापासून खालपर्यंत उभी तडकलेली. दोन महिने ओल पिऊन फुगली, आणि मी तिला फुगायला केसाएवढी जागा ठेवली नव्हती. कुठेतरी जाणारच होती ती. बाहेरून पॉलिशखाली रेघ दिसत नव्हती. अशी फळी मोठ्या आवाजाला नुसती फडफडते, दुसरं काही ऐकूच येत नाही. म्हणजे त्या रविवारी त्यांनी काय ऐकलं असेल ते मला न सांगता कळलं. जन्मात एकदा मिळालेला पाऊण तास, आणि त्यात माझी फळी फडफडत होती.

भेगेवर आडव्या पट्ट्या मारलेल्या होत्या. जखमेला लावतात त्या चिकटपट्टीच्या, सहा, एकसारख्या कापलेल्या. आणि खाली लेबल. त्यांचं ते उभट अक्षर. ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी. मिस्त्रींना दाखवू नये.’

त्या दिवशी मी जेवलो नाही. सुनेला वाटलं, खुबा दुखतो.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. म्हटलं, प्लायवूड पाठव इथल्या दुकानातून, जाडसर, चांगल्यापैकी. तो म्हणाला, “बाबा, प्लायवूड? तुम्ही?” मी फोन ठेवून दिला. खुर्चीत बसून, मांडीवर फळी घेऊन, रोज थोडं थोडं केलं. करवत दोनदा चुकली. त्या लाकडाला वास नाही, रेषा नाही, रंध्याला सुख नाही. पण सरळ आहे. भर पावसात झालं आणि कुठे वाकलं नाही.

काल दुपारी जुन्या खोक्यातला स्पीकर नव्यात बसवला. कंपाउंडरांचा अॅम्प्लिफायर वर ठेवला. बटणाभोवतीची कागदी पट्टी पिवळी पडलीय, पण खाचा दिसतात. गिटार मांडीवर घेतली. मला वाजवता येत नाही. बटण सहाव्या डोसापर्यंत फिरवलं आणि सगळ्यात जाड तार अंगठ्याने ओढून सोडली.

खिडकीची तावदानं हलली. माझ्या मोडक्या खुब्यापर्यंत तो आवाज गेला. अखंड, गोल, कुठे चिरलेला नाही. समोरच्या भिंतीवरचा कावळा उडाला. मी परत ओढली. परत.

सून स्वयंपाकघरातून धावत आली. “बाबा! अहो, आवाज कमी करा!”

मी केला नाही.